राजाची पालेभाजी

माझ्या लेकीच्या घरात फोडणीला बंदी आहे. लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचं उपनगर आहे, तिथे तिचं घर. घर छान आहे, पण स्वयंपाकघराच्या दाराबाहेर छताला एक पांढरी बशी पालथी चिकटवलेली आहे आणि त्या बशीला हिंग-मोहरीचं वावडं आहे. आल्या आल्या पहिल्याच रविवारी हिने साध्या वरणाला फोडणी दिली, तर बशीने असा टाहो फोडला की जावई झोपेतून उठून एका हातात नात आणि दुसऱ्या हातात पासपोर्टांची पिशवी घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सासू-सासरे आतच राहिलेत हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाने फार गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत.

तर अशा या घरात जुलैच्या एका संध्याकाळी शेजारचे मास्तर हातात कागद घेऊन आले. हे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गल्लीतले लोक वर्षातून एकदा रस्ता बंद करून, टेबलं मांडून एकत्र जेवतात, त्याचे हे स्वयंघोषित व्यवस्थापक. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीत एक काका असतात ना, पावतीपुस्तकासकट जन्मलेले, तेच ते. फक्त यांच्या पायात मोजे आणि सँडल एकाच वेळी असतात.

यंदाचं जेवण मध्ययुगीन, मास्तरांनी जाहीर केलं. प्रत्येक घराने सहाशे वर्षांपूर्वीचा एकेक पदार्थ करून आणायचा.

"तुमचं काम सोपं आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पुस्तकाचं नावच 'क्युरी' आहे!" आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच इतके हसले की कठड्याला धरून उभे राहिले.

पुस्तकाचं नाव खरोखरच 'द फॉर्म ऑफ क्युरी'. 1390 च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या मुख्य आचाऱ्यांनी आपल्या पाककृती लिहवून घेतल्या. जवळजवळ दोनशे. कातड्याच्या लांब पट्ट्यावर लिहून त्याची गुंडाळी केली. पुढे 1780 मध्ये सॅम्युअल पेग नावाच्या गृहस्थांनी ती छापून काढली. 'क्युरी' म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत नुसता स्वयंपाक. आपल्या, किंवा आपल्यावर लादलेल्या, 'करी'शी त्याचा काडीचा संबंध नाही. मास्तरांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण शेजारी भारतीय आणि पुस्तकाचं नाव क्युरी, असा योग इतिहासाच्या मास्तराच्या आयुष्यात कितीदा येणार?

"मी सॅलड करीन," मी म्हणालो.

ते जरा हिरमुसले. पण माझा हिशेब पक्का होता. सॅलडला चूल नाही, तेल तापवणं नाही, म्हणजे बशीचा प्रश्न नाही. शिवाय चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढलेल्या माणसाला, ज्याला चहापलीकडे काही करता येत नाही, झेपण्यासारखा जगात हा एकच पदार्थ. सॅलडला काय लागतं? चिरायचं आणि ठेवायचं.

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने म्हणालो. ही काही बोलली नाही. ही काही बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे मला लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी वेळेवर आठवत नाही.

मास्तरांनी दिलेली कृती मी चष्मा पुसून वाचली. चौदा जिनसा. पार्सली, सेज, लसणाची पात, कांद्याची पात, कांदा, लीक, बोरेज, पुदिना, कोवळी लीक, बडीशेपेचा पाला, क्रेस, रू, रोझमेरी आणि पर्सलेन. हे सगळं निवडायचं, स्वच्छ धुवायचं, हाताने बारीक तोडायचं, कच्च्या तेलात कालवायचं, वरून व्हिनेगर आणि मीठ, की पाठवायचं पानावर. संपलं. किती माणसांसाठी, लिहिलेलं नाही. कशाच्या किती जुड्या, लिहिलेलं नाही. तेल पळीभर की तांब्याभर, गप्प. जवळजवळ सबंध पुस्तकाची हीच तऱ्हा. बरं, सुरुवातीलाच म्हटलेलं आहे की हे सगळं राजाच्या दरबारातल्या वैद्यांच्या आणि विद्वानांच्या संमतीने केलेलं आहे. म्हणजे मंजुरी आहे, पण परिमाण नाही! माझ्या नोकरीत असा कागद माझ्यापुढे आला असता तर मी त्यावर असा आक्षेप काढला असता की आचारी निवृत्त होईपर्यंत उत्तरंच देत बसला असता.

"किती घ्यायचं ते दिलेलंच नाही," मी हिला म्हणालो.

"अंदाजाने घ्यायचं."

"अंदाज म्हणजे किती?"

"अंदाज म्हणजे अंदाज. माझी सासू मला अळूचं फदफदं शिकवताना हेच म्हणायची. तेव्हा तुम्ही शेजारी बसून हसला होतात."

मला आठवत नव्हतं. तिला तारीखसुद्धा आठवत होती.

मग तिने यादी हातात घेतली. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, की आषाढी एकादशी होऊन गेली होती आणि हिचा चातुर्मास सुरू झाला होता. चातुर्मासात ही कांदा-लसूण खात नाही. सातासमुद्रापार आल्यावर नियम जरा सैल करतात लोक. हिने घट्ट केले.

"लसणाची पात, कांद्याची पात, कांदा, लीक. आणि हे परत लीक?"

"ती कोवळी लीक. वेगळी धरलीय."

"म्हणजे चौदांतली पाच कांद्याच्याच घरची माणसं. आपण निदान कांदेनवमी एक दिवस करतो. हा राजा कोणाच्या जवळ बसून बोलायचा की नाही? मी याला हात लावणार नाही."

"हात नको लावूस. नुसतं निवडायला मदत कर."

"निवडायला हातच लागतो हो," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला कुठून ठाऊक असणार."

पुस्तक कशावर लिहिलं होतं, हे मी तिला सांगितलंच नाही. चातुर्मास चालू असताना कातड्याचा विषय काढण्यात शहाणपणा नव्हता.

पहिल्या दिवशी मी जवळच्या सुपरमार्केटमधून पार्सली आणली. घरी येऊन वास घेतला तर कोथिंबीर. दिसायला दोघी सख्ख्या चुलत बहिणी, आणि पाटी वाचायची सवय मला नाही, कारण भाजी आणायची सवयच नाही. दुसऱ्या दिवशी पार्सली मिळाली, पण बडीशेपेच्या पाल्याऐवजी शेपू आला. तोही तसाच, हिरव्या पिसासारखा. ही मात्र खूश झाली. दोन दिवसांत घरात कोथिंबिरीची वडी आणि शेपूची भाजी, दोन्हींची सोय झाली होती. जावयांना शेपू आवडत नाही हे मला त्याच दिवशी कळलं. नऊ वर्षं ते आमच्याकडे शेपू खाऊन "छान झालीय" म्हणत आले होते. माणसाचा स्वभाव कधीकधी एका जुडीने उघडा पडतो.

रोझमेरी विकत आणावी लागली नाही. ती दारातच झुडूप होऊन उभी होती. लेक तिच्या काड्या तेलात घालून केसांना लावते, हल्ली सगळ्याच लावतात म्हणे. पुदिना मागच्या अंगणात होता. होता म्हणजे, अंगण त्याचंच होतं, आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. लसणाच्या पातीचा इथला हंगाम संपलेला, तेव्हा मी डझनभर पाकळ्या पाण्याच्या वाटीत उभ्या करून खिडकीत ठेवल्या. दोन-चार दिवसांत हिरवे कोंब वर आले आणि सबंध दिवाणखान्याला लसणाच्या चटणीचा वास आला. हिने देवघर वरच्या मजल्यावर हलवलं.

मग क्रेस. हे काय असतं ते शोधताना मी जेव्हा त्याचं बी पाहिलं तेव्हा जोरात ओरडलोच. "अगं, हे तर अळीव!"

तेच ते, बाळंतिणीच्या लाडवातले तांबूस अळीव. राजा त्याचा पाला खायचा आणि आपण बी खातो, एवढाच फरक. घरात होतेही. नातीच्या जन्माच्या वेळी, चार वर्षांपूर्वी, आम्ही पुण्याहून किलोभर आणले होते, त्यातले उरलेले बाटलीत तळाशी. मी ताटात कापूस अंथरला, पाणी शिंपडलं, अळीव पेरले. भिजल्यावर प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत चिकट थेंब धरतो, त्यामुळे सबंध ताट बेडकाने अंडी घातल्यासारखं दिसायला लागलं. जावयांनी सकाळी कॉफी करताना ते पाहिलं आणि कॉफी न घेताच कामावर गेले.

पण उगवले हो! तिसऱ्या दिवशी हिरवी लव आली. मी रात्री उठून टॉर्चने बघून यायचो. नातीने त्यातल्या वीस-पंचवीस रोपांची बारशी केली आणि "आजोबा, यांना खायचं नाही हां" म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. राजकारणात आणि स्वयंपाकात असं करावं लागतं.

रू मिळाली ती रोपवाटिकेत. कुंडीवर तांबड्या अक्षरांत सूचना: त्वचेला त्रास होऊ शकतो. मी हसलो. इथे गरम पाण्याच्या नळावरसुद्धा 'पाणी गरम आहे' असं लिहिलेलं असतं. कुंडी घरी आणली, हिने एक पान चुरडून नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा एकदम माहेरी गेल्यासारखा झाला.

"अहो, ही सताप! आमच्या मागच्या दारी होती. लहान मुलाला सर्दी झाली की आजी हिचीच पानं आणायला पाठवायची. आणि ही राजाला खायला घालायचे? भाजी म्हणून?"

"सॅलड म्हणून."

"त्यालाही सर्दी असेल."

मी बाहेर उन्हात बसून सतापाची पानं खुडली, चुरडून पुन्हा पुन्हा वास घेतला, मनगटापर्यंत रस लागला. लंडनला ऊन क्वचित पडतं आणि त्या दिवशी ते नेमकं माझ्यावर पडलं. दोन दिवसांनी मनगटावर जांभळाएवढे फोड. सतापाचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडलं की असंच होतं, हे लेकीने वाचून दाखवलं. कुंडीवरच लिहिलं होतं, हेही तिने वाचून दाखवलं. शिवाय ही वनस्पती जास्त पोटात गेली तर चांगली नाही, गरोदर बाईने तर तोंडातच घालू नये, असंही निघालं. तेव्हा मी राजाच्या वैद्यांचा मान राखून चौदाव्या शतकाला दोन पानं देऊ केली, आणि तीही वर दिसतील अशी ठेवायची ठरवली.

बोरेज मास्तरांच्या बागेत होतं. निळ्या चांदण्यांसारखी फुलं, फार देखणी, आणि चावून पाहिलं तर काकडीची चव. पानं मात्र खरखरीत, चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखी. मधमाश्यांना बोरेज अतिशय आवडतं, हे मला एका मधमाशीने अंगठ्यावर समजावून सांगितलं. आता उजव्या मनगटावर फोड आणि डाव्या अंगठ्यावर सूज. हिने दोन्हींवर हळद लावली. मी पिवळ्या हातांनी हिंडायला लागलो. मास्तरांनी विचारलं, "काही धार्मिक विधी आहे का?"

"हो," मी म्हणालो. "सॅलड."

उरली पर्सलेन. आसपासच्या दुकानांत कोणालाच नाव ठाऊक नव्हतं. एकाने मला पर्स विकणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला. शेवटी जावयांनी सांगितलं की उत्तर लंडनमधल्या ग्रीन लेन्सवर तुर्की भाजीवाले आहेत, त्यांच्याकडे बघा. मी हॅरोहून भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉसला आलो. ती मूळ गुंडाळी जिथे जपून ठेवलेली आहे ती ब्रिटिश लायब्ररी याच स्टेशनाला लागून आहे. तिच्या शेजारून जाताना मी मनोमन आचाऱ्याला दोन शब्द ऐकवले. गाडी बदलून मॅनर हाऊसला उतरलो, तिथून चालत चालत एका दुकानासमोर आलो. बाहेर टोमॅटो, वांगी, पार्सलीचे डोंगर, आणि एका कोपऱ्यात ओल्या जुड्या: लालसर जाड देठ, चमच्यासारखी मांसल पानं.

घोळ! आपली घोळाची भाजी!

पावसाळ्यात आमच्या वाड्याच्या फरशीच्या सांध्यातून उगवायची ती घोळ. आई डाळ घालून करायची, जराशी आंबट, जराशी बुळबुळीत, आणि मी तोंड वेंगाडून ताटाखाली सारायचो. तीच घोळ विकत घ्यायला मी सत्तरीला टेकलेला माणूस दीड तास, दोन गाड्या आणि मैलभर पायपीट करून आलो होतो. तुर्की दुकानदाराला मी ती आमच्याकडे फुकट उगवते असं खुणेने सांगितलं. त्याने खुणेनेच सांगितलं, मग तिकडूनच आणायची. पैसे देऊन आलो.

घरी आल्यावर हिने जुडी उलटसुलट करून पाहिली. "आईंच्या हातची वीस वर्षं टाकलीत," ती म्हणाली, "आणि आता राजाच्या नावाने खाणार."

जेवणाच्या दिवशी मी सकाळी सातला ओट्यापाशी उभा राहिलो. चौदा ढीग मांडले. ओटा संपला, टेबल संपलं, नातीचं रंगवायचं टेबल घेतलं. ही दारात खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसली, उंबऱ्याच्या बरोबर अलीकडे, कांद्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने. आणि मी निवडायला सुरुवात केली.

निवडणं या क्रियापदाचा अर्थ मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी शिकलो. मी समजत होतो, जुडी सोडायची, झटकायची, झालं. पार्सलीच्या एका जुडीत किती काड्या असतात? मी मोजल्या, सवयच आहे, एकशे बारा. प्रत्येकीची पानं वेगळी करायची, पिवळं टाकायचं, देठ टाकायचं, मधेच निघालेला गोगलगायीचा पोर अलगद खिडकीबाहेर ठेवायचा. पुदिन्याने बोटं काळी. बोरेजची कुसं बोटांत. रोझमेरीच्या सुया काडीवरून उलट्या ओढाव्या लागतात, सुलट्या ओढल्या तर नखात जातात. आणि लीक! बाहेरून कशी राजबिंडी, पांढरीशुभ्र. आत प्रत्येक पदरात माती. एक पदर उघडला, माती. दुसरा, माती. धुतली, पाणी काळं. परत धुतली, पाणी तांबडं. तिसऱ्यांदा पाणी जरा बरं आलं तर दारातून आवाज:

"तीन पाण्यांतून काढा."

"काढलं की."

"मग चौथं."

साडेआठपर्यंत तीन जिनसा झाल्या होत्या. मी सुरी मागितली.

"हाताने तोडायचं लिहिलंय ना?" ही म्हणाली. कृती तिला पाठ झाली होती. "सुरीने पालेभाजी काळी पडते. तुमच्या राजाला कळत होतं."

मी सेजची लोकरीसारखी पानं फाडत होतो. जपमाळेचे मणी सरकत होते.

"हे लिहिलं ते आचारी पुरुषच होते ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी पुरुषांनी एकदा भाजी निवडली," मणी सरकला, "तर त्याचा कागद अजून जपून ठेवलाय."

मी लीकमध्ये तोंड घातलं.

साडेअकराला सगळं धुऊन, निथळून, पंच्यावर पसरून झालं. चौदा ढिगांचा मिळून एक ढीग झाला आणि तो बघता बघता बसला. चार पिशव्या भाजीचं एक पातेलं. पालेभाजी बसते हे मला माहीत होतं, पण ती शिजल्यावर बसते अशी माझी समजूत होती. ही माझ्या कष्टांकडे बघूनच बसली.

आता तेल. लेकीने ऑलिव्हचं तेल काढून दिलं.

"तापवणार नाही?" हिने विचारलं.

"कच्चं लिहिलंय."

"निदान जिऱ्याची तरी."

"आई, अलार्म," लेक म्हणाली.

"बरं मग दाण्याचं कूट तरी घाला. मूठभर. आणि एक हिरवी मिरची वाटून. नाहीतर हे गुरांना घालायचं वाटेल हो."

इथे जावई पुढे आले. जावई संगणकात काम करतात, पण मास्तरांची संगत लागल्यापासून त्यांना इतिहासाची शुद्धता चढली होती. "आई, शेंगदाणा नाही चालणार. मिरचीही नाही. दोन्ही अमेरिकेतून आलेत. 1390 साली कोलंबस जन्मलासुद्धा नव्हता."

"टोमॅटो?"

"तोही तिकडचाच."

"बटाटा?"

"तिकडचाच."

"मग होतं काय बिचाऱ्या राजाकडे?"

जावयांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "कांदा," ते म्हणाले.

दुपारी रस्त्यात टेबलं लागली. मास्तर तपकिरी गोणपाटाचा अंगरखा घालून आले होते, खाली मोजे आणि सँडल. मांसाच्या कुटाचे गोळे होते, बदामाच्या दुधातला भात होता, केशर घातलेलं काहीतरी होतं. मास्तरांनी नियम जाहीर केला: काटे नाहीत! त्या काळी इंग्लंडात जेवायला काटे नसत, तेव्हा सगळ्यांनी बोटांनी जेवायचं. सबंध गल्लीवर संकट कोसळलं. एका बाईंनी एकच तीळभर भात दोन नखांत धरून, मान वर करून तोंडात सोडला, थेंब घालतात तसा. एक गृहस्थ कोपरापर्यंत रस्सा घेऊन बसले होते. आणि आम्ही चौघं-पाच जण, आयुष्यात पहिल्यांदाच विलायतेत, टेबलावरच्या रीतीभातींत सगळ्यांच्या पुढे होतो. लोक थांबून बघायला लागले. ही अंगठ्याने घास पुढे कसा ढकलायचा ते शिकवत होती, तिची पंगत दहा मिनिटांत वीसवर गेली. नात शेजारच्या पोराला "पाचही बोटं नाही, तळहात स्वच्छ राहिला पाहिजे" असं रागावत होती.

माझं पातेलं मधोमध होतं. वर निळी फुलं, कडेला सतापाची दोन पानं आणि लेकीने लिहिलेली चिठ्ठी: ही खाऊ नका. पहिला घास मीच घेतला. काय सांगू? सेज म्हणजे कापराच्या वडीसारखं. त्यामागून कच्चा लसूण, त्यामागून अळिवाच्या पाल्याचा नाकात जाणारा झणका, मग रोझमेरीची सुई दातात. शेवटी घोळ आली, थंड, आंबटसर, ओळखीची, आणि मला एकदम आईच्या ताटाची आठवण होऊन भरून आलं. लोकांना वाटलं, कांद्याने.

इंग्रज माणूस अन्नाला वाईट म्हणत नाही. तो 'इंटरेस्टिंग' म्हणतो. मी सात 'इंटरेस्टिंग', दोन 'किती धाडसी' आणि एक 'हे औषधी असेल ना' मोजले. बहुतेकांनी निळी फुलं वेचून खाल्ली आणि पाला तसाच ठेवला. एकट्या मास्तरांनी दोनदा घेतलं. दोनदा! मग वही काढून म्हणाले, "प्रमाण सांगा. कशाचं किती घेतलंत?"

मी तोंड उघडलं, आणि चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीचा आब बाजूला ठेवून मला म्हणावं लागलं, "अंदाजाने."

ही बाजूलाच होती. हसली नाही. ते जास्त लागलं.

जेवणानंतर मास्तरांचं भाषण झालं. हा खाण्यापिण्याचा शौकीन राजा 1399 मध्ये त्याच्याच चुलत भावाने पदच्युत केला, किल्ल्यात कोंडला, आणि पुढच्या वर्षी तो तिथेच मेला. उपाशी ठेवून मारला, असं म्हणतात. लेकीने हिला ते मराठीत सांगितलं. ही फार हळहळली. संध्याकाळी मी पाऊण भरलेलं पातेलं कचऱ्याच्या हिरव्या डब्यात रिकामं करायला निघालो तर तिने रस्ता अडवला.

"राजा बिचारा उपाशी मेला आणि तुम्ही त्याची भाजी टाकताय?"

"मग काय करू? खाणार कोण?"

"सतापाची पानं काढा. रोझमेरी वेचा. व्हिनेगर धुऊन टाका, घट्ट पिळा. डाळीचं पीठ पेरून भाजी करा."

"मी?"

"मी कांद्याला हात लावत नाही."

लेक नातीला झोपवायला वर गेली होती. जावयांनी मागचं दार उघडलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पंचा घेऊन बशीखाली पहारा दिला. शुद्धतेचा विषय त्यांनी काढला नाही, शेंगदाणे त्यांनीच काढून दिले. ही पुन्हा दारात खुर्चीवर बसली. मी कढईत तेल घातलं.

"किती तापू देऊ?"

"कळेल."

"मोहरी किती?"

"दिसेल."

"आणि तिखट?"

"अहो, चौदा भाज्या निवडल्यात ना सकाळी? घाला की आता."

मी घातली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची तेलात गेली आणि चौदाव्या शतकाच्या त्या हिरव्या गोळ्यावर फोडणी अशी चरचरली की माझ्याही पोटात आग पडली. जावयांनी पंचा गरगरा फिरवला. बशीने क्षणभर विचार केला आणि मग गल्लीभर टाहो फोडला. वर नात उठून रडायला लागली. बाहेर दोन कुत्री भुंकली. कुंपणापलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि अजून गोणपाटाच्या अंगरख्यातच असलेले मास्तर टाचा उंच करून, नाक वर धरून आमच्या उघड्या खिडकीकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर परम समाधान पसरलं.

"आहा!" ते म्हणाले. "करी!"